लाल फडक्यातली राख

मी मूळचा गुहागरच्या अलीकडचा, डोंगरात वाडी आहे आमची, वाडीत घरं कमी आणि माकडं जास्त, आणि माझी आये म्हणायची की म्हादू, तू चुकून आमच्यात आलास, तुझी जागा झाडावर होती. लहानपणापासून मी धांदरट. स्वतःच्या लग्नात मी शेजारच्या मांडवात जाऊन बसलो होतो, वाडीत एकाच दिवशी दोन लग्नं, मुंडावळ्या बांधल्यावर माणसाला दिसतं काय, सांगा तुम्हीच. बायको अजून म्हणते की तिथंच बसून राहिला असतात तर मी सुटले असते.

इथं शारजात आलो तो सामान बांधायच्या कंपनीत लागलो, पॅकर. लोकांची घरं खोक्यांत भरायची, टेप मारायची, कंटेनरात चढवायची. गोदाम आमचं हमरियाच्या बाजूला. माझं नाव तिथं गाजलं ते कचऱ्याच्या डब्यानं. एका साहेबांचं घर लंडनला जायचं होतं, मी किचनमधला डबा, आत कालचं मटण, कांद्याची सालं, सगळं तसंच, कागदात नीट गुंडाळला, वर नाजूक सामान असा स्टिकर लावला आणि पाठवला. तो बोटीतून जाऊन लंडनला उघडला. सुपरवायझरनं मला उभं केलं आणि म्हणाला, महादेव, आज से हाथ लगाने से पहले पूछो, समझा, पहले पूछो. मी म्हणलं समझा. एवढं एकच मला शिकायचं होतं आणि तेवढंच शिकलो नाय.

तर ती आंटी, जिचं घर बांधायला मला पाठवलं. शारजातल्या रोल्ला बाजारात जुन्या बिल्डिंगमध्ये राहायची, चिनी, म्हातारी, केस पांढरे कापूस, पण हिंदी अशी बोलायची की मी दारातच दचकलो. कोलकत्त्याची होती. तिच्या नवऱ्याचा पणजोबा चीनवरून बोटीनं कोलकत्त्याला आला, मग पिढ्या तिथंच, चामडं कमवायचा धंदा. नवरा शेफ म्हणून शारजात आला आणि मागाहून त्यानं स्वतःचं छोटं हॉटेल टाकलं, चॉपसुई, नूडल्स, आपली माणसंच गिऱ्हाईक. तो वारला. हॉटेल बंद झालं तसा व्हिसा पण गेला, राहायचं कशावर? मुलगी टोरोंटोला, तिच्याकडं चालली होती. जायचं नव्हतं तिला. मला म्हणाली, उधर बरफ में हम किससे हिंदी बोलेगा.

तिचं सामान बघून मला वेगळंच वाटायला लागलं. आजकाल लोकांच्या घरी सगळं प्लॅस्टिक, उचललं की उचललं. इथं एक एक वस्तू म्हणजे माणूस बसल्यासारखी. मोठी लोखंडी कढई, काळी कुळकुळीत, नवऱ्याच्या आजीची. लोणच्याची बरणी, तिच्या गळ्याशी पाणी भरायची खाच, म्हणजे मुंगी जाणार नाय आणि हवा पण जाणार नाय. पांढरं घमेलं, त्याच्यावर लाल मासे काढलेले, कड जागोजागी उडालेली, त्यात तिच्या मुलीला पहिली अंघोळ घातलेली. पितळेचं एक भांडं, मधोमध धुराडं, खाली निखारे टाकून भोवती सूप उकळायचं. कान नसलेले कप. आणि कढई घासायचा बांबूच्या काड्यांचा जुडगा, आपल्या खराट्याचा पोरगा म्हणा ना. हे सगळं चीनवरून कोलकत्त्याला आणि कोलकत्त्यावरून शारजाला आलं होतं आणि आता मी त्याला बबलचं प्लॅस्टिक गुंडाळणार होतो.

आंटी म्हणाली, किचन का सब अच्छे से साफ करके बाँधना, कॅनडा में गंदा बर्तन पकड़ता है. आणि खाली उतरली, भाजीवाल्याला, शिंप्याला, फार्मसीवाल्याला भेटून येते म्हणाली. लिफ्ट बंद होती, कठडा धरून धरून गेली.

आता इथं आयेचं सांगावं लागेल, कारण राखेचं मूळ तीच. आमच्या घरात चुलीशेजारी राखेचं मडकं असायचं. सकाळी आये सगळी पितळेची भांडी अंगणात घेऊन बसायची, राख आणि नारळाचं सोडण, आणि घासघास घासायची, सोन्यासारखी करायची. मडक्यावर फडकं बांधायची, कारण मांजराला राख दिसली की ते काय करतं ते तुम्हाला माहीत आहे. चांगली राख ती जपून ठेवायची, चाळून, मऊ, पावडरसारखी. माझं काम ती चाळायचं. आयेला जाऊन काही वर्षं झाली पण तो चाळणीचा आवाज अजून आहे कानात.

तर आंटीच्या ओट्यावर, कोपऱ्यात, एक पितळेचं भांडं होतं, तीन पाय, दोन कान, आणि वर लाल फडकं बांधलेलं. सोडलं. आत राख. काठोकाठ, चाळल्यासारखी, इतकी मऊ की बोट आत गेलेलं कळलं नाय. काय सांगू तुम्हाला, माझ्या डोळ्यात पाणीच आलं. म्हणलं बघ, चीन काय आणि गुहागर काय, म्हाताऱ्या सगळ्या सारख्या, हिनं पण भांड्यांना राख ठेवली आणि वर फडकं बांधलं मांजरासाठी. घरात मांजर नव्हतं हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण ध्यानात यायला ध्यान जागेवर लागतं.

मी बाह्या वर केल्या. पूछो वगैरे डोक्यातनं गेलं. तो बांबूचा जुडगा घेतला, राख घेतली, आणि बसलो घासायला. ते धुराड्याचं भांडं घासलं, किटली घासली, तांदळाचं माप घासलं. आये असती तर म्हणाली असती म्हादू, पहिल्यांदा काही धड केलंस. राख संपत आली तशी मी खरवडून खरवडून वापरली आणि शेवटी ते तीन पायांचं भांडंच आतून बाहेरून लख्ख केलं आणि सगळं पेपरावर ओळीनं मांडलं. गाणं पण म्हणत होतो.

आंटी आली. दम लागलेला. भांड्यांकडं बघितलं आणि हसली, त्या किटलीत तोंड बघितलं स्वतःचं. मग तिची नजर तीन पायांवर गेली. म्हणाली, इसमें जो था? मी छाती काढून म्हणलं, उसी से तो चमकाया आंटी, गाव का तरीका.

ती खोक्यावर बसली. मला वाटलं शुगर कमी झाली, मी पाणी दिलं, तिनं ते हातात धरून ठेवलं, प्यायली नाय. म्हणाली, पानी किधर गया? मी म्हणलं सिंक में. ती उठली, सिंकपाशी गेली, नळ ठिबकत होता तो घट्ट बंद केला, आणि तिथंच उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, शिवी दिली असती तर मी हात जोडून घेतली असती. तिनं सांगायला सुरुवात केली, सिंककडं बघत.

ती उदबत्तीची राख होती. नवऱ्याच्या पणजोबानं घर सोडलं तेव्हा देवघरातली, म्हणजे त्यांच्यात वाडवडिलांपुढं जे भांडं असतं त्यातली, एक चिमूट कागदात बांधून आणलेली. कोलकत्त्यात नवीन भांडं घेतलं, ती चिमूट तळाशी, आणि मग रोज सकाळी एक काडी, रोज, तिची राख त्यातच पडत गेली. ते भांडं कधी रिकामं करायचं नाय. बासष्टच्या लढाईत पोलीस आले, चिनी म्हणून सगळ्यांना गाडीत घातलं आणि राजस्थानात छावणीत नेलं, बरोबर काय घेऊ देतायत? तिच्या सासूनं पावडरचा डबा ओतून टाकला आणि त्यात राख भरली. शिपायानं उघडून बघितला, हुंगला, परत दिला. छावणीतनं सुटून आले तोवर घर दुसऱ्यानं घेतलं होतं, शेजाऱ्यांनी ठेवलेली भांडी तेवढी मिळाली, आणि राख होती. नवरा गेला तेव्हापासून त्याची पण काडी त्यातच. आज सकाळी तिनं जुन्या काड्या वेचून काढल्या होत्या, फडकं बांधलं होतं, आणि हे भांडं खोक्यात घालायचं नव्हतंच, मांडीवर ठेवून विमानात नेणार होती. बाकी सगळं समुद्रात बुडालं तरी चालेल म्हणाली, हम को वो ही ले जाना था.

म्हणजे बघा, पोलिसांना जमलं नाय ते मी करून दाखवलं. गाणं म्हणत.

मी सिंकखाली शिरलो, पाईप खोलला. काळा गाळ, भात, तेल. आंटी म्हणाली, छोड़ो महादेव. मी बाहेर आलो, तोंडाला गाळ, आणि समोर तो बांबूचा जुडगा पडलेला दिसला. काड्या एकत्र घट्ट आवळलेल्या, आणि त्यांच्या मुळाशी, बांधलेल्या जागी, करडं करडं काहीतरी अडकलेलं. हात पुढं गेला आणि मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा थांबलो. म्हणलं, आंटी, इसको हाथ लगाऊँ?

ती म्हणाली, लगाओ. ऑगस्टचं ऊन होतं, जुडगा बाल्कनीत ठेवला आणि ते ऊन, तुम्हाला माहीत आहे, भांडं ठेवलं तर भाजी शिजेल. दोघं तिथंच बसलो राखणीला, वारा आला की मी अंग आडवं घालायचो. वाळला तसा तिनं लाल फडक्यावर हळूहळू आपटला. चिमूट, फार तर दीड. तेलकट, गोळे झालेले. मी म्हणलं, आंटी, मैला है. ती म्हणाली, हमारा लोग चमड़ा का काम करता था, इतना मैल से उनको कुछ नहीं होता. आणि मग रडली. मी कप गुंडाळत बसलो, एकच कप परत परत.

नंतर म्हणाली, तुम राख को बर्तन का काहे समझा? मी आयेचं सांगितलं. आये गेली तेव्हा मी इथं, कंपनीला कामाला माणसं मिळत नव्हती, सुट्टी मिळाली नाय, अग्नी पुतण्यानं दिला, मी फोनवर बघितलं, त्यात नेटवर्क गेलं. नंतर गेलो गावाला तर चूल नव्हती. मीच पैसे पाठवलेले ना, लादी बसवायला, गॅसचा ओटा करायला. राखेचं मडकं विचारलं तर बायको म्हणाली, फेकलं, आता त्याचं काय काम. कुणाला बोलणार, माझ्याच पैशानं फेकलेलं.

आंटीनं ऐकलं. मग तिनं त्या चिमटीचे दोन भाग केले. एक भाग तीन पायांच्या भांड्यात आणि एक कान नसलेल्या कपात, आणि कप माझ्यापुढं सरकवला. घर अलग होता है तो ऐसा ही करता है, म्हणाली. मी म्हणलं, आंटी, मी तुमच्यातला नाय. तर म्हणते कशी, सबको हाथ से घिस दिया, अभी कौन बाकी है, तुम घर का ही है.

ती टोरोंटोला गेली. मी माझ्या खोलीवर, वरच्या बर्थच्या फळीवर, आयेच्या फोटोशेजारी कप ठेवला आणि रोज एक उदबत्ती. पहिल्याच आठवड्यात धुराचा अलार्म वाजला, अख्खी बिल्डिंग लुंग्यांवर रस्त्यात, वॉचमन म्हणाला हबीबी, कल से नहीं. मग मी जिन्यातल्या खिडकीत लावायला लागलो. नावं मला माहीत नाय कुणाची. मी म्हणायचो, आये, आणि बाकी जे कोण असाल ते.

यंदा फोन आला. बाईमाणूस, इंग्लिशमध्ये, मग मोडकं हिंदी. आंटीची मुलगी. आई गेली म्हणाली. जायच्या आधी सांगितलं की शारजात महादेवकडं आपली राख आहे. मी म्हणलं, अर्धी माझ्याकडं, अर्धी तुमच्याकडं भांड्यात आहे. मग म्हणाली, अंकल, मैंने वो पॉट पहले ही दिन डिशवॉशर में डाला, मम्मी ने देखा, कुछ नहीं बोली. आणि हमसून हमसून रडायला लागली. मी म्हणलं, पोरी, गप, मी पण धुतली होती, आपण दोघं एकाच कंपनीतले.

म्हणजे आता सगळ्या जगात ती राख माझ्याकडंच. पणजोबा, सासू, नवरा, आता आंटी पण, सगळी त्या एका कपात, आणि राखणीला कोण, तर मी. तिला थोडी पाठवावी म्हणून कुरियरला गेलो. काउंटरवरच्यानं विचारलं काय आहे, मी म्हणलं राख, कुणाची, म्हणलं चिनी माणसांची, नावं माहीत नाय. त्यानं मॅनेजरला हाक मारली, मी कप घेऊन निघालो. मुलीला सांगितलं, तूच ये. ती म्हणाली येईन. इन्शाल्ला.

पण मी आता इथं नसणार. वय झालं, कंबर गेली, कंपनीनं व्हिसा बंद केला, पुढच्या आठवड्यात निघतोय. तिला गावचा पत्ता सांगितलाय, चिपळूणला उतर, पुढं एसटी, पुढं कुणालाही विचार, मांडव चुकलेला महादेव कुठं राहतो.

जन्मभर लोकांची घरं बांधली आणि स्वतःचं बांधायला एक बॅग पुरली. कप फुटेल म्हणून काल रोल्लातनं पावडरचा डबा आणला, पावडर ओतून टाकली, राख त्यात भरली, थोडी थोडी करून बरीच झाली होती. मग भीती वाटली की घरी बायको नातवाला अंघोळीनंतर ती लावायची. म्हणून वर लाल फडकं बांधलं आणि तिला फोन केला, म्हणलं बॅगेत पावडरचा डबा आहे, त्याला हात लावायच्या आधी मला विचार. ती म्हणाली, एवढं काय आहे त्यात? मी म्हणलं, माणसं आहेत. ती म्हणाली, या घेऊन, आयेच्या फोटोपाशी जागा करते.