तेओफिलाची नाळ

रेन्दोन : म्हणजे हेही तिवराचं झाड तोडायचं नाही?

मार्सियाना : मुळीच नाही. हे आमच्या बेनिल्दाचं.

रेन्दोन : त्या तर शहरात राहतात म्हणालात!

मार्सियाना : राहीना का. ती राहते शहरात, तिची नाळ राहते इथं, या झाडाखाली.

रेन्दोन : बरं. ते पलीकडचं, वाकडं?

मार्सियाना : ते प्रोस्पेरोचं.

रेन्दोन : जो बुडून मेला तो?

मार्सियाना : मेला म्हणून काय झालं? झाड मेलंय का?

रेन्दोन : तेओफिलामावशी, तुम्ही गावसमितीच्या अध्यक्ष. तुम्ही तरी समजवा यांना. सकाळपासून चिखल तुडवतोय मी. एकही झाड रिकामं नाही!

तेओफिला : मी काय समजवू, बाबा? नियम तुझ्या कंपनीचा. भर सभेत छातीवर हात ठेवून कोण म्हणालं होतं, ‘ज्या जागी माणसाची नाळ आहे, त्या जागेला आम्ही हात लावणार नाही’?

रेन्दोन : मीच. आमच्या साहेबांना वाटलं, असतील चार-दोन झाडं. सोडून देऊ, फोटोही छान येईल.

मार्सियाना : आला की फोटो. डास चावून तुझं तोंड तेवढं सुजलेलं दिसतंय.

रेन्दोन : पण अख्खं कांदळवन? माणसं तरी आहेत का एवढी गावात?

तेओफिला : आत्ताचीच माणसं मोजतोस होय? आमच्या पणज्या गुलाम, मालकाच्या खाणीतून पळून या चिखलात आल्या. काळ्या माणसाला जमिनीचा कागद कोण देणार तेव्हा? कागद नाही तर नाही. मूल झालं की एका तिवराखाली नाळ पुरायची आणि म्हणायचं, हे आपलं. कायदा झाला, कागद आला, तो पार माझ्या केसांत पांढरं दिसायला लागल्यावर. नाळ आधीची.

रेन्दोन : मला सगळं पटतंय हो. पण इथं कंपनीचा जहाजांचा धक्का झाला तर जहाजं येतील, पोरांना पगार मिळेल.

तेओफिला : आणि शिंपले जातील. या चिखलात कोपरापर्यंत हात घालून आम्ही बाया शिंपले काढतो, त्यावर गावातली प्रत्येक चूल पेटते. जहाजाचं तेल एकदा चिखलात उतरलं की चिखल मेला. मग पगार काय चावून खायचा?

रेन्दोन : त्यावर कंपनीनं तोडगा काढलाय. नाळ हलवता येईल का, असं विचारलंय. ज्याची त्याची नाळ मातीसकट उकरायची आणि कुंडीत ठेवायची. कुंडी कंपनी देणार. चांगल्या प्रतीची. वर नाव घालून.

मार्सियाना : अगं बाई! ऐकलंस का, तेओफिला? प्रोस्पेरोला कुंडीत बसवतायत. जिवंतपणी तो खुर्चीतसुद्धा मावत नव्हता.

रेन्दोन : हसू नका. माझी नोकरी टांगणीला लागलीय! करवतवाला परवाच पळाला. पहिलंच झाड त्याच्या सासूचं निघालं, आणि सासूबाई त्यालाच टेकून भाजलेलं केळं खात बसलेल्या. दुसरा आणला, त्यानं खोडाला नुसती करवत टेकवली, तर तिकडे देल्फिनो पोट धरून बोंबलायला लागला.

तेओफिला : देल्फिनोनं सकाळपासून उसाची दारू ढोसली होती.

मार्सियाना : तू कुणाच्या बाजूची गं?

तेओफिला : खरं ते खरं.

रेन्दोन : एक मिनिट. ते टोकावरचं झाड कुणाचं? खाडीच्या तोंडाशी, एकटंच आहे ते.

मार्सियाना : ते होय... ते... तेओफिलाचं!

तेओफिला : नाही हं. ते माझं नाही.

मार्सियाना : अगं, गप बस ना!

तेओफिला : खोटं कशाला बोलू? ते कुणाचंच नाही.

रेन्दोन : कुणाचंच नाही? देवा रे! मिळालं! मावशी, तुमच्या तोंडात साखर पडो! एक झाड पुरे. धक्का अरुंद करू. अगदी फळीएवढा. जहाजं एकामागे एक उभी करू!

मार्सियाना : बसलास ना आता आनंदानं झाडाला मिठी मारून? शर्टाला कालवं चिकटलीयत बघ.

रेन्दोन : चिकटू देत! पण मावशी, मग तुमचं झाड कुठलं?

तेओफिला : मला झाड नाही.

रेन्दोन : असं कसं? या गावात तर कोंबडीलाही झाड असेल.

तेओफिला : मलाच नाही. सुईण मी. निम्म्या गावाच्या नाळा या हातांनी पुरल्या. पण सभेत कुणाचं बिनसलं की हटकून म्हणतात, ‘तू गप गं, तुझी कुठं नाळ पुरलीय इथं?’ झाडापाशी नेऊन दाखवायला झाड तर हवं ना.

रेन्दोन : मग तुमची नाळ गेली कुठं?

तेओफिला : आई होडीतच अडली. इथंच, खाडीच्या तोंडाशी. मासे चिरायच्या सुरीनं बापानं नाळ तोडली, तेवढ्यात लाट आली. त्यानं मला धरलं. नाळ पडली पाण्यात.

रेन्दोन : अरेरे. वाईट वाटलं ऐकून. पण म्हणजे ती पुरली नाहीच. चला, सुटलो!

मार्सियाना : थांब, थांब. पळतोस कुठं? ‘ज्या जागी नाळ आहे’ असं म्हणालास ना सभेत?

रेन्दोन : हो. त्याचं काय?

मार्सियाना : हिची नाळ कुठं आहे?

रेन्दोन : पाण्यात.

मार्सियाना : भरतीचं पाणी कुठवर जातं?

रेन्दोन : वर नदीच्या वळणापर्यंत.

मार्सियाना : आणि ओहोटीला?

रेन्दोन : बाहेर, समुद्रात... नाही. नाही, नाही, नाही. मार्सियानाबाई, असं करू नका.

मार्सियाना : मी कुठं काय केलं? पाणी रोज नाळ उचलतं, रोज दुसरीकडे नेऊन पुरतं. पाणी जाईल तेवढी जागा हिची. तुझाच नियम.

रेन्दोन : अहो, पण धक्का पाण्यातच बांधावा लागतो!

मार्सियाना : डोंगरावर बांध. हवा छान आहे तिथं.

(रेन्दोन फोन लावतो.)

रेन्दोन : हॅलो, साहेब? हो, झाड मिळालं. एक. पण पाणी गेलं. नाही, आटलं नाही, गेलं. एका बाईंचं निघालं. सगळं. हो साहेब, नियम आपलाच. हो, फोटोसकट छापून आलाय. काय? विचारतो. मावशी, साहेब विचारतायत, तुम्हाला कुंडी चालेल का?

मार्सियाना : चालेल की! जरा मोठी आणा म्हणावं.

रेन्दोन : साहेब, मोठी लागेल म्हणतात. हॅलो? हॅलो? ठेवला फोन.

मार्सियाना : काय म्हणाला?

रेन्दोन : गाशा गुंडाळून ये म्हणाले. दुसरी खाडी बघू म्हणाले.

मार्सियाना : जा बाबा, होडी तिकडे आहे. आणि वाटेत प्रोस्पेरोला पाय लावू नकोस. तेओफिला, अगं, तू का रडतेस? जिंकलो ना आपण!

तेओफिला : एवढी वर्षं मला वाटायचं, माझं इथं काहीच नाही.

मार्सियाना : वेडी कुठली! ऊठ आता, भरती चढतेय. पाय भिजतील.

तेओफिला : भिजू दे.