मामाच्या लग्नातला गोवर

शरणपूर रोडवरच्या लॅबमधून एक गर्भार मुलगी रिपोर्ट घेऊन बाहेर आली, तशी माझ्या शेजारी बसलेली तिची आई उठलीच.

"काय म्हनले डॉक्टर?"

"रुबेला पॉझिटिव्ह."

"अगं बाई!"

"घाबरू नको. लहानपणी येऊन गेलाय म्हणे, जर्मन गोवर. तेव्हाची ताकद रक्तात आहे, बाळाला धोका नाही."

"तुला कधी आला गं?"

"मामाच्या लग्नात! अंगावर पुरळ म्हणून तू मला इगतपुरीला नेलंच नाहीस."

"लिंबाच्या पाल्यावर निजवून आजीपाशी ठेवली व्हती खरी."

"अजून राग आहे मला त्याचा."

"आता गं कसला राग? बघ, तुझ्या बाळाची काळजी मी तवापासून घेती!"

"हो, पण येताना जिलबी तरी आणायचीस."