गोलकीपरची सही

...नाही, मला सांगा, माणसानं दुकानाला कुलूप लावून बसायचं तरी कुठं? बावीस वर्षं! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी खेळाडूंच्या सह्या तपासतोय. बॅट आणा, बॉल आणा, घामट टी-शर्ट आणा, मी भिंग लावणार आणि सांगणार, खरी की खोटी! खरी म्हटली की वस्तू काचेच्या कपाटात आणि मालकाची मान ताठ. खोटी म्हटली की तीच वस्तू माळ्यावर, जुन्या चपलांशेजारी. भाव माझ्या शब्दाला होता हो, सहीला नव्हता! आणि आता... तुम्ही हसताय, पण मला लाज वाटते हो!

त्या गोलकीपरचंच घ्या ना. आमच्या क्लबचा जुना गोलकीपर, वारला बिचारा. त्याच्या सहीतला सगळ्यात मोठा जाणकार कोण? मी! त्याच्या तीनशे सह्यांना मी दाखले दिलेत, खरेपणाचे, खाली माझी सही, शिक्का, सगळं. आणि भाषण ठरलेलं, "बघा, काय वळणदार अक्षर! कुठं थरथर नाही, कुठं पेन अडखळलेलं नाही... गोलकीपरची पकड आहे ही, पकड!" लोक माना डोलवायचे. मीही डोलवायचो, माझ्याच भाषणाला!

तर परवा सकाळी दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं, आणि एक काकू आल्या. पंचाहत्तरीच्या असतील, हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्राची गुंडाळी, गुंडाळीत एक जुना हातमोजा. त्या गोलकीपरचा! मनगटाच्या पट्ट्यावर सही. काकू म्हणाल्या, "क्लबात त्यांच्या वस्तूंचं कपाट केलंय ना, त्यात हा ठेवायचाय. ते म्हणतात, तुमचा दाखला आणा." मी भिंग लावलं... आणि मला हसू फुटलं हो! सही कसली, चार ठिकाणी पेन उचललेलं, एक अक्षर आभाळात, एक पाताळात, शेवटचं तर पट्ट्यावरून घसरून खाली. आता गप्प बसावं ना? हातमोजा मुकाट्यानं परत द्यावा ना? नाही! चार माणसं बघतायत म्हटल्यावर माझ्या अंगात येतं! मी हातमोजा उंच धरला आणि म्हणालो, "बघा मंडळी, नकली सही कशी ओळखायची! करणारा घाबरलाय, हात कापतोय... काकू, कुणीतरी तुम्हाला टोपी घातली!"

काकू म्हणाल्या, "टोपी कशाला घालतील? माझ्यासमोर बसून केलीय."

"कुणी?"

"आमच्या ह्यांनी."

"हे म्हणजे?"

"हे म्हणजे गोलकीपर. दुसरं कोण?"

दुकानात एकजण शिंकणार होता, त्यानं शिंक गिळली!

मग काकू सांगायला लागल्या, आणि आवाज जरासुद्धा चढवला नाही हो, चढवला असता तर बरं झालं असतं! "उजव्या हाताची बोटं तीनदा मोडली होती त्यांची. पेन धरलं की हात कापायचा. आणि चाहत्यांची पत्रं तर गोणीभर. मग मीच करायची सह्या, भाजी शिजेपर्यंत तीस-चाळीस उरकायच्या. ही एवढी एकच त्यांनी स्वतः केली, खेळणं सोडलं त्या दिवशी, माझ्यासाठी." आणि मग माझ्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या सह्यांकडे बघून म्हणतात कशा, "ही माझी. ही पण माझी. अय्या, किती छान जपलंत हो माझं अक्षर!"

मोडलेल्या बोटांचा माणूस! अख्ख्या जगाला ठाऊक होतं. एकदा ती मोडली तेव्हा मी स्वतः मैदानावर होतो, प्रेक्षकांत, शिट्ट्या मारत! आणि त्याच बोटांची बावीस वर्षं मी पकड सांगतोय... तुम्ही हसताय, पण मला लाज वाटते हो!

काकू म्हणाल्या, "त्या कपाटात सगळं माझंच आहे. एक तरी त्यांचं असू दे."

दाखला तिथंच द्यायला नको? पाय धरायला नकोत? मी काय म्हणालो? "उद्या या." उद्या या! कारण डोक्यात चक्र सुरू, ही खरी म्हटली की ते तीनशे दाखले खोटे! दुपारी जेवायला घरी गेलो, बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली. "म्हणजे तिच्याच नवऱ्याची सही तुम्ही तिला खोटी ठरवून दाखवलीत? आणि वर हेलपाटाही घालायला लावलात?" झालं... ताट सारून उठलो.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. मी मान वर न करता दाखला लिहिला, सही अस्सल आहे म्हणून, आणि खाली माझी सही केली. हात हा असा लटलट! शरमेनं! काकू गेल्या, आणि तासाभरात क्लबच्या सचिवाचा फोन. नवा आहे, तिशीचा, भलताच हुशार. "सर, सावध राहा! एक बाई तुमचा नकली दाखला घेऊन आल्यात! तुम्हीच शिकवलंत ना, पेन चार ठिकाणी उचललंय, हात कापतोय..." म्हटलं, "अरे बाबा, माझीच आहे ती!" "फोनवर कसं मानू सर? नेहमीसारखी करून पाठवा ना."

काकू बिचाऱ्या परत आल्या. मी नवा कागद घेतला. केली सही, वाकडी. दुसरा कागद... त्याहून वाकडी. पाच कागद फाडले हो! स्वतःची सही, आणि येईना! तुम्ही हसताय, पण... जाऊ दे.

काकू बघत होत्या. मग त्यांनी माझ्या हातातून अलगद पेन काढून घेतलं, भिंतीवरच्या एका जुन्या दाखल्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "सरका जरा."

हातमोजा कपाटात लागला. जाऊन बघा तुम्ही. हातमोजा अस्सल आहे, त्याच्यावरची सही अस्सल आहे, आणि शेजारी माझा दाखला आहे ना, त्याच्याखाली माझी सही... ती काकूंनी केलीय. माझ्यापेक्षा बरी येते.