विकायच्या घराला रंग

ज्याला घर विकायचंय त्याने बायकोच्या हाती ब्रश देऊ नये, बाबांनो. ऐंशी सालच्या सुमारास पनवेलला खाली आमचं किराणा दुकान होतं आणि वर बिऱ्हाड. माझे गुडघे जिन्याला कंटाळले होते, म्हणून एका बिल्डरशी बोलणी पक्की केली. तो कागद घेऊन येणार म्हणून बायकोने आठवडाभर खपून सगळं घर रंगवलं.

बिल्डर म्हणाला, "काकू, कशाला त्रास घेतलात? आम्ही हे पाडून चार माळे बांधणार."

"पाडा की. पण घेणाऱ्याला मळकं घर दाखवू?"

मग ती हौसेने एकेक खोली दाखवत फिरली. शेवटच्या खोलीत थांबून मला म्हणाली, "अहो, एवढं चांगलं घर पाडायला कोण देतं?"

बिल्डर माझ्याकडे बघू लागला.

मी म्हटलं, "शेठ, चहा घेऊन जा."