रुमालाखालचा भाव

बसा, बसा, तुम्ही उठू नका. पाणी आणून दिलंत तेवढं पुष्कळ झालं. पण तो कागद मी भरणार नाही — आणि तुम्हीही भरून द्यायचा नाही. सही येते मला. वाचताही येतं, अक्षरं मोठी असली तर. चौथी शिकलो, पुढे बापाने बैलांमागे लावलं. लिहिता येत नाही म्हणून भरत नाही, असं समजू नका. त्यात जे विचारलंय ते कुणी कुणाला विचारू नये, म्हणून भरत नाही. वाचा तुम्ही. पैसे कुठून आले. कशासाठी आले. पुढे कुणाला द्यायचे. त्या व्यक्तीशी नातं काय. — नातं काय. बँकेला माझ्या नात्याचं काय करायचंय? पैसे माझे, खातं माझं, आणि वर कुलूप त्यांचं. गोठवलंय म्हणतात. ही तिसरी खेप माझी. पहाटेची एसटी धरायची, तीन तास धुळ्याला, तिथून रिक्षाने देवपूरला, आणि इथे तो शिपाई सांगतो — साहेब जेवाले गयात, बठा बाबा. साडेअकराला जेवतात. आम्ही साडेअकराला दोन मण कडबा तोडून मोकळे झालेले असायचो.

गाव? नाही, गाव विचारू नका. मीही तुमचं विचारणार नाही. आपल्याकडे माणूस भेटला की आधी गाव, मग आडनाव, मग मामा कुठले — तिसऱ्या वाक्याला तो आपल्या घरात शिरून मडक्यातलं पाणी पितो. ते नको म्हणून तर इतक्या लांब खातं काढलं. तुम्ही मला नाना म्हणालात, तेवढं बास. मी तुम्हाला भाऊ म्हणतो.

गावात आहे ना बँक. आहे. गावातलं खातं म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा फळा. केळीचा माल गेला की पैसे खात्यात येतात — येतात, नाही म्हणत नाही — पण मेसेज जातो मुलाच्या फोनवर, नवीनच्या, कारण खातं काढलं तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता. नवीनला कळलं की सुनेला कळतं. सून चिंचखेड्याच्या झोप्यांची, मोनाली. कामाला वाघीण, हाताला चव, नावं ठेवायला जागा नाही — पण पोटात काही राहत नाही. तिच्या माहेरी दुपारी कळतं. मला दुसऱ्या दिवशी. शाळेच्या ओट्यावर तो एक जण मशीन घेऊन बसतो, अंगठा लावला की पैसे देतो. देतो ते देतो, वर मोठ्याने म्हणतो, नाना, अजून एवढे शिल्लक आहेत की. मागे कमलबाई उभी. तिने त्याच दिवशी नातवाच्या गाडीसाठी उसने मागितले. किराणा दुकानात ती डबी ठेवलीय, बोलणारी. फोनवरून पैसे दिले की आकडा ओरडते. अहो, दुकानदाराला मिळाले ना, मग ओट्यावर बसलेल्या दहा जणांना कशाला सांगतेस? बायको आजारी होती तेव्हा नवीनने तिच्यासाठी रोज केवढ्याचं नेलं ते त्या डबीने सगळ्या गावाला सांगितलं.

मी बैलांचा दलाल. चाळीस वर्षं. सावद्याचा बाजार, वरणगावचा, इकडे धुळ्याचा, दोंडाईच्याचा. द्या, हात द्या. द्या हो, खात नाही. हा रुमाल वरून टाकायचा — असा — आणि आत बोटं. एक बोट दाबलं की एक. दोन दाबली की दोन. हजार की दहा हजार, ते बैलाकडे बघूनच कळतं, बोलावं लागत नाही. तोंडाने काय बोलत असू? कापसाला बोंडअळी पडली, तुमच्याकडे पाऊस कसा आहे. भोवती पन्नास माणसं उभी. बैल पन्नासांना दिसतो, भाव दोन हातांना. दोंडाईच्याचा जीवराम आणि मी, आम्ही असे किती सौदे केले — आणि कधी एक कागद नाही. कुणी विचारलं केवढ्याला गेला, तर सांगायचं, बरा गेला. त्याला कुणी चोर म्हणत नव्हतं. ती रीत होती. घेणाऱ्याची लाज राहायची, विकणाऱ्याचीही राहायची.

म्हणून तर त्या योगेंद्रचं मला पटलं. योगेंद्र आमच्याकडचा मोबाइलवाला. मी त्याला विचारलं, पैसे कुणाला कळू न देता पाठवायचे असतील तर? म्हणाला, नाना, आता नवं नाणं आलंय, फोनमध्येच असतं. त्यावर नाव नाही, गाव नाही, पासबुकात उठत नाही. तुमच्या रुमालाखालच्या भावासारखंच समजा. माझ्याच तोंडची उपमा मला विकली त्याने. मी रोख मोजून दिले. त्याने एक फोन दिला, त्यात ते नाणं. फोन मी शेतातल्या मोटरच्या खोलीत ठेवायचो, खताच्या गोणीमागे. रोज जाऊन बघायचो. कधी वाढलेलं दिसायचं, कधी उतरलेलं. दावणीचा बैल तरी एका दिवसात एवढा वाळत नाही.

कुणाला पाठवायचे ते सोडा. एक बाई आहे. — हसू नका, तसली नाही. माझ्या वयाकडे बघा. मुलगी आहे. माझीच.

दीपनगरला असते. नवरा तिथे वीज केंद्रात कंत्राटावर. आपल्यातला नाही तो. आम्हाला न सांगता लग्न केलं, सहा वर्षं झाली. मी भरल्या ओट्यावर सांगितलं, मला एकच मुलगा आहे, मुलगी नव्हती. गेला शब्द. गावाने ऐकला, सोयऱ्यांनी ऐकला. आता मला सांगा, त्या शब्दाचं मी काय करू? आखाजीच्या सणाला गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात — आमच्या दारात झोका नाही. नवीन एकदा म्हणाला, बोलावू का तिला. मी ताटावरून उठलो. परत नाही बोलला तो.

मग बायको गेली. पौषात. बेबाबाई. जायच्या आधी तिने पाटल्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. तिच्या आईकडून आलेल्या, माझ्या पैशाच्या नाहीत. म्हणाली, ह्या मोडा आणि पुनमला द्या. तुमच्या हाताने देऊ नका, तुम्हाला ते जमायचं नाही — पण द्या. बघा, मरताना माणसाला दुसऱ्याची केवढी ओळख असते. मी हो म्हणालो. झाला दुसरा शब्द. एक गावाला दिलेला, एक तिला. जळगावला जाऊन मोडल्या. एक लाख ऐंशी आले. नवीनने विचारलं, आईच्या पाटल्या कुठे. म्हटलं, दवाखान्यात गेल्या. दवाखान्याचं बिल त्यानेच भरलेलं होतं. मुलगा माझ्याकडे एकदा बघून बाहेर निघून गेला, हे पहिल्यांदा झालं.

तर नाणं. पुनमची मैत्रीण आहे, रूपा, तिच्या हस्ते निरोप पाठवला — असं असं आहे, फोनमध्ये घे. उलटा निरोप आला. मला ह्यातलं काही कळत नाही, भुसावळला पिठाची गिरणी बघून ठेवलीय, दुकानदार आखाजीपर्यंत थांबतो म्हणतो, त्याला रुपये लागतात. बरोबर आहे. गिरणीवाला नाणं घेऊन काय करील? मग योगेंद्र म्हणाला, आपण ते विकू, गिऱ्हाईक मिळतं फोनवरच, पैसे तुमच्या खात्यात येतील. खात्यात म्हणजे परत तेच. तेव्हा हे धुळ्याचं खातं काढलं. जीवराम शेवटची वर्षं देवपूरलाच मुलाकडे होता, त्या मुलाने इथे ओळख दिली. नाणं गेलं, पैसे आले. तीन दिवस बरं होतं. चौथ्या दिवशी कुलूप.

का? तर ज्याने ते नाणं घेतलं, त्याने कुठल्या तरी मास्तराला फोनवर फसवून त्याचे पैसे माझ्याकडे वळवले. मास्तराने तक्रार केली. आता पोलीस म्हणतात, चोरीचा पैसा ज्याच्या ज्याच्या खात्यातून गेला ते सगळे आधी बंद. मी मास्तर बघितला नाही, चोर बघितला नाही. योगेंद्रला विचारलं, तू तरी बघितलास का गिऱ्हाईक? म्हणाला, नाना, ह्यात कुणी कुणाला बघत नाही, तेच तर ह्यातलं चांगलं. — तेच चांगलं. मी त्याच्या दुकानाबाहेर येऊन थुंकलो.

जीवरामचं करंगळीच्या शेजारचं बोट अर्धं तुटलेलं होतं, कडबा-कुट्टीच्या मशीनमध्ये. रुमालाखाली हात गेला की मला कळायचं, हा जीवराम. भाव लपवायचा असतो हो. हात नाही लपवायचा. हे मला, चाळीस वर्षं बाजारात काढलेल्या माणसाला, कळू नये?

आणि हा कागद. हा भरला की पोलिसांकडे जाणार. साहेबांनी मागच्या खेपेला सांगितलं — त्यांनी काही विचारलं तर नोटीस आधारवरच्या पत्त्यावर येईल, बाबा. म्हणजे घरी. नवीन फोडणार, मोनाली ऐकणार. पाटल्या, पुनम, सगळं. ज्याने मुलगी नव्हती म्हणून सांगितलं तो चोरासारखा मोटरच्या खोलीत फोन लपवून तिला पैसे पाठवत होता. त्यापेक्षा जाऊ देत ते पैसे, असं म्हणून मी दोनदा इथून उठून गेलो. स्टँडपर्यंत जातो. मग बेबाबाई आठवते. मग परत यायचं तर पुढचा सोमवार.

हाताने का दिले नाहीत? तुम्हीही तेच विचारणार.

गेलो होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही. पाटल्या मोडल्या त्याच आठवड्यात. रोख कमरेला बांधून गेलो. कॉलनीच्या फाटकापाशी चहाची टपरी आहे, तिथे बसलो. तासाभराने ती आली. दोन्ही हातांत दळणाचे डबे, एक डोक्यावर. तीन डबे घरचे कसे असतील? टपरीवाल्याला विचारलं. म्हणाला, ती ताई शेजारणींची दळणं आणून देते, डब्यामागे पाच-दहा रुपये घेते. मला दहा पावलांवरून गेली. चाल आईची. मी उठलो, आणि — रुमाल तोंडावर घेतला. चहाचे पैसे दिले आणि एसटीत बसलो. गिरणी घ्यायची तिने का म्हटलं ते मला निरोप यायच्या आधी ठाऊक होतं. मोठा शब्दाचा माणूस. दहा पावलं चालवली नाहीत मला.

ते बघा, साहेब आले. नावं पुकारतायत — तेही मोठ्याने, पत्त्यासकट. इथे तरी काय वेगळं. ऐका, गिरधर सुकदेव झोपे म्हणतोय कोणी. तुम्ही का? जा मग, जा, नंबर सोडू नका.

झोपे?

थांबा. बसा जरा. कुठले झोपे.

चिंचखेड्याचे.

सुकदेवभाऊंचे तुम्ही. म्हणजे मोनालीचे चुलतभाऊ. नवीनच्या लग्नात होतात? — होतात. दोन हजार माणूस होतं, मी मुलाचा बाप, मी कुणाच्या तोंडाकडे बघणार. पण तुम्ही माझ्याकडे बघितलं असेल. म्हणजे आल्या आल्या ओळखलंत. म्हणून पाणी आणलंत. म्हणून नाना म्हणालात. मला वाटलं, पांढऱ्या केसांना म्हणालात.

गाव विचारायला हवं होतं. कुठल्याही बाजारात पहिलं तेच विचारत आलो.

नाही. शपथ घेऊ नका. शपथ घेतलेला माणूस जास्त सांगतो. आणि तुम्ही नाही सांगितलंत तरी तुम्ही आमच्याकडे जेवायला याल, मी वाढीन, आणि दोघांना ठाऊक असेल. तसलं जेवण मला उतरायचं नाही.

तो कागद आणा इकडे. साहेबांना सांगा, झोपे दोन मिनिटांनी येतात. पेन आहे ना खिशाला? लिहा. पैसे कुठून आले — बेबाबाईच्या पाटल्या मोडल्या, ते नाण्यात घातले, नाणं विकलं. त्या मास्तराची ओळख नाही, त्याचे निघाले तर त्याचे त्याला द्या, पण पाटल्यांचे माझ्याकडे येऊ द्या. नीट लिहा ते. दवाखान्याचं लिहू नका. ते खोटं मी घरी बोललो, ते मी घरीच फेडीन. कशासाठी — पिठाची गिरणी. कुणाला द्यायचे — पुनम. पुढे नवऱ्याचं नाव. थांबा. सहा वर्षांत तोंडाने घेतलं नाही मी. ज्ञानेश्वर. पुनम ज्ञानेश्वर सोनवणे. दीपनगर.

नातं. पेन का थांबवलंत? विचारलंय ना त्यांनी. लिहा, मुलगी.

द्या इकडे. सही मी करतो. हलवू नका बाक.

झालं. आखाजीच्या आत सुटले तर सुटले. नोटीस यायची तर येऊ दे, नवीनच वाचून दाखवील. जा आता, तुमचा नंबर गेला असेल. — आणि भाऊ, मोनालीला फोन करायचाच असेल तर चारनंतर करा. त्याच्या आधी मला घरी पोचू द्या.