हिराच्या दंडावरची चकती

साखरेच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत मांडवीच्या दोघी शेजारणी बाकावर बसल्या होत्या.

"हिरे, मुद्दाम पदर सरकवून बसलीस. दंडावर चकती कसली गो?"

"साखर मोजते, जने. मुंबईत सर्वेशच्या मोबाइलवर आकडा दिसतो. वाढली की लगेच फोन, आई, काय खाल्लंस?"

"नशीब तुझं. मी बोटं टोचून घेते, माझ्या विनीतला पत्ताही नसतो."

"पण त्याची बोलणी खाऊन साखर ताब्यात आली. आता त्याचा फोनच येत नाही."

"मग खा की फणसाचे गरे."

"काल खाल्ले."

"आला फोन?"

"सुनेचा आला. चांगली ओरडली मला."

"आमची तर ओरडतसुद्धा नाही गो."