तिसरा वाडगा

मित्राने पत्रात विचारलं होतं, "पुन्हा लिहायला बसलास का?" वर्षभर मी उत्तर टाळलं. आज दवाखान्यात शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ, लुळा उजवा हात मांडीवर ठेवून, बसले होते. बायको त्यांना म्हणाली,

"मागच्या खोलीतला लाकूड कातायचा लेथ विकून टाका आता."

"डावा हात आहे की."

"त्यानं चहाचा कप धरवत नाही तुम्हाला."

"पटाशीची मूठ मी काखेत दाबतो. डाव्यानं नुसती वळवायची."

"म्हणून काल दोन वाडगे फुटले वाटतं?"

"पहिला कातायला घेतल्या घेतल्या फुटला. दुसरा पार तळाशी पोचल्यावर."

"मग?"

"मग तिसरा होणार!"

"हट्टी कुठले! लाकूड मी घट्ट बसवून देईन. एकट्यानं लेथ चालू करायचा नाही."

घरी जाताना मी पोस्टात कार्डावर लिहिलं, "आज बसतो," आणि ते पेटीत टाकलं.